कार्यक्रमांचे साहित्य भाड्याने देताना विमा कोणता घ्यावा आणि जबाबदारी कोणाची असते?

नागपुरात साउंड, लाइट, ट्रस (लाइट-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा) आणि जनरेटर भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू करताना विमा कोणता घ्यावा, आणि सामान ग्राहकाकडे असताना काही मोडले किंवा कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, असे आपण विचारले आहे. माझे बिछायत केंद्र, म्हणजे मंडप-खुर्च्या भाड्याने देण्याचे दुकान, अकरा वर्षांपासून आहे आणि साउंड-लाइटचे काम मी नंतर जोडले. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध आधी सोडवायला हवा, कारण जबाबदारी कायद्याने आणि आपण सही केलेल्या कागदाने ठरते. विमा तिच्यातला काही भाग तेवढा उचलतो.

भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १५० मध्ये एक भेद केलेला आहे, जो आपल्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. वस्तू फुकट वापरायला दिली असेल, तर माहीत असूनही न सांगितलेल्या दोषापुरताच देणारा जबाबदार असतो. भाड्याने दिली असेल, तर दोष आपल्याला ठाऊकच नव्हता ही सबब चालत नाही. म्हणजे केबलचे आवरण आतून फाटलेले असेल आणि त्यामुळे ग्राहकाचे नुकसान झाले, तर ते आपल्या माथी येते. उलट बाजूने कलम १५१ ग्राहकाला सांगते, की स्वतःच्या वस्तूची सामान्य समंजस माणूस घेईल तेवढी काळजी घ्या. तेवढी घेऊनही वस्तू बिघडली आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ प्रमाणे तो भरपाईला बांधील राहत नाही. मे महिन्यातल्या वादळी पावसात लॉनवरचा स्पीकर भिजला, तर वाद नेमका इथेच होतो. शिवाय आपला ऑपरेटर सामानापाशी बसलेला असेल, तर ताबा ग्राहकाकडे गेला होता हे सिद्ध करणेही कठीण जाते.

म्हणून चलान, म्हणजे सामान देतानाची पावती, नीट लिहा. साउंडचे काम जोडल्यावर दुसऱ्याच वर्षी एका लग्नात माझ्या डिजिटल मिक्सरवर सरबत सांडले आणि चलानवर मी नुसते ‘साउंड सेट, नग १’ असे लिहिले होते. कोणता मिक्सर, कोणत्या अवस्थेत दिला, याचा कागदच नसल्याने ग्राहकानेही हात झटकले आणि विमा कंपनीनेही. तेव्हापासून प्रत्येक नगाचा अनुक्रमांक, देतानाचे छायाचित्र, बदली किंमत आणि परत करण्याची वेळ चलानवर असते.

आता विम्याकडे येतो. गोदामासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून मिळते. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती लागू होते आणि आग, वादळ, पूर यांचे नुकसान तिच्यात येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते पाहिलेल्या माणसाला तळमजल्यावरच्या गोदामाबद्दल अधिक सांगायला नको. मात्र आपले सामान गोदामात असते किती दिवस? टेम्पोत किंवा वर्धा रोडच्या लॉनवर असताना ते या पॉलिसीत येत नाही, आणि टेम्पोचा मोटार विमाही आतल्या मालाचे पैसे देत नाही. त्यासाठी फिरत्या सामानाला संरक्षण देणारा ऑल रिस्क किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा वेगळा मागावा लागतो. ग्राहकाने सामान परतच केले नाही, तर तो विश्वासघात ठरतो आणि चोरीच्या विम्यातून बहुधा वगळलेला असतो, त्यामुळे ओळखपत्र आणि अनामत रक्कम घेतल्याशिवाय सामान देऊ नये. हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी लावणेही महागात पडते: २० लाखांच्या सामानाचा विमा १० लाखांचा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीवर साधारणपणे २ लाखच हाती येतात.

तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेसाठी सार्वजनिक दायित्व विमा लागतो. याच नावाशी मिळताजुळता १९९१ चा कायदा घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. एजंटाने त्याची पॉलिसी माथी मारली तर घेऊ नका. या विम्यात वादळासारख्या नैसर्गिक आपत्तीतून येणारे दायित्व बऱ्याचदा वगळलेले असते आणि जादा हप्ता भरून जोडावे लागते. ट्रस नेमका वादळातच पडतो, म्हणून ते जोडाच. लॉनचे मालक हल्ली ‘सर्व नुकसान साहित्य पुरवठादार भरेल’ असे हमीपत्र लिहून घेतात. कायद्याने आपल्यावर नसलेली जबाबदारी अशी सहीने अंगावर घेतली, तर ती विम्यात सहसा येत नाही. ट्रसवर चढणारी आपली मुले, रोजंदारीची असली तरी, या पॉलिसीत धरली जात नाहीत. त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाई विमा वेगळा घ्या, कारण कामावर अपघात झाला तर मालकाची चूक नसतानाही भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे.

हरियाणातल्या डबवालीत १९९५ च्या डिसेंबरमध्ये शाळेच्या कार्यक्रमाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे गेली. कृत्रिम धाग्याचे कापड आणि वीज जिथे एकत्र येतात तिथे कोणतीही विमा रक्कम अपुरी पडू शकते. माझ्या प्रत्येक वितरण पेटीला ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह ब्रेकर (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) आहे, आणि जनरेटरचे अर्थिंग झाल्याशिवाय आम्ही भार देत नाही.

अपघात झालाच तर जखमीला लगेच मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्या, त्याचा खर्चही करा, पण विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल केल्याचे लिहून देऊ नका किंवा परस्पर तडजोड करू नका; पॉलिसीची ती अट मोडली, तर दावा तिथेच अडकतो.