वाचकांचे प्रश्न : मोल्डावाइट की बाटलीची काच?

प्रश्न : लॉकेटसाठी ६ ग्रॅमचा हिरवा मोल्डावाइट ऑनलाइन घेतला. विक्रेता म्हणतो, ‘आकाशातून पडलेला दगड’. हा अशनी आहे का? आणि खरा-खोटा घरी ओळखता येईल का?

उत्तर : अशनी नाही, काच आहे, आणि तीही पृथ्वीवरच्या मातीची. सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीत अशनी आदळून २४ किलोमीटर व्यासाचं रीस विवर झालं. नर्डलिंगेन हे गाव त्यातच वसलं आहे. आघाताच्या क्षणी वरच्या थरातली वाळू-माती वितळून पूर्वेकडे भिरकावली गेली, उडता उडताच थिजली आणि शेकडो किलोमीटरवर, मुख्यतः आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या दक्षिण बोहेमिया आणि मोरावियात पडली. तेव्हा ‘आकाशातून पडला’ हे चूक नाही, फक्त तो आधी जमिनीतूनच वर गेला होता.

आता परीक्षा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल; स्वयंपाकघरातला चालणार नाही. खडा लॉकेटमध्ये बसवण्याआधीच कोरडा तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि खडा बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल असा, पण तळाला वा काठाला न टेकता, पाण्यात लटकवा. दिसेल तो आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा, की घनता मिळेल. मोल्डावाइटची घनता २.३२ ते २.३८च्या आसपास, नेहमीच्या बाटलीच्या काचेची सुमारे २.५. म्हणजे तुमच्या ६ ग्रॅमच्या खड्याला काट्यावर २.५५ ग्रॅमच्या जवळपास आकडा यायला हवा. बाटलीची काच असेल तर २.४० ग्रॅम येईल.

फरक जेमतेम ०.१५ ग्रॅमचा, आणि घोळ इथेच होतो. खड्याच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकले की आकडा वाढतो, घनता कमी भरते आणि खोटा खडा खरा ठरतो. म्हणून उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, खडा मऊ ब्रशने पाण्यातच घासा आणि तीनदा मोजा. खडा १ ग्रॅमचा असेल तर या रीतीवर फार विसंबू नका.

घनता जुळली तरी १० पट भिंगातून बघाच. आत केसासारखे वळलेले पारदर्शक धागे दिसले तर ते लेशाटेलिराइट, म्हणजे वितळलेल्या क्वार्ट्‌झची शुद्ध सिलिका काच. असे धागे साध्या बाटलीच्या काचेत नसतात. नुसत्या बुडबुड्यांवर मात्र जाऊ नका. ते दोन्हींत असतात. खडबडीत पृष्ठभागही पुरावा नव्हे, कारण आम्लात बुडवून तो सहज करता येतो. सगळ्या खाचा एकसारख्या आणि ओल्या प्लास्टिकसारख्या चकचकीत असतील, तर आमचा संशय बळावतो.

प्रश्न : ऑब्सिडियनही नैसर्गिक काचच. मग फरक काय?

उत्तर : पाण्याचा. ऑब्सिडियन लाव्हाची, तिच्यात बहुधा ०.१ टक्क्याहून जास्त पाणी असतं. मोल्डावाइटसारख्या टेक्टाइट काचेत, म्हणजे अशनीच्या आघाताने वितळून दूर उडालेल्या काचेत, ते ०.०२ टक्क्याहूनही कमी. जोरदार तापवल्यावर ऑब्सिडियन फेसासारखी फुगते, टेक्टाइट फुगत नाही. ही परीक्षा खडा वाया घालवणारी आहे. घरी करू नका.

प्रश्न : लोणारला असे हिरवे खडे मिळतील का?

उत्तर : नाही. तिथे अशनी बेसॉल्टवर आदळला, म्हणून आघाताची काच काळपट, सच्छिद्र आणि लोहयुक्त. काही मिलिमीटरचे काळे गोलकही सापडले आहेत. मोल्डावाइटमध्ये सिलिका ७५ ते ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त, बेसॉल्टमध्ये ५० टक्क्यांच्या आसपास. तो हिरवा पारदर्शकपणा येणार कुठून? शिवाय लोणार अभयारण्य आहे. बघा, फोटो काढा, दगड तिथेच राहू द्या.