वाचकांचे प्रश्न : कुमागाईची क्लिप आणि कुमागाईचा खेळ

प्रश्न : जपानची फुटबॉल बचावपटू साकी कुमागाई हिच्या २०११ मधल्या पेनल्टीची क्लिप अजूनही फिरत असते. एका किकची एवढी चर्चा का?

उत्तर : महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, जर्मनीतलं फ्रँकफर्ट, समोर अमेरिका. अतिरिक्त वेळेनंतरही २-२. मग दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी मारायच्या शूटआउटमध्ये विसाव्या वर्षी कुमागाईने चौथी किक वरच्या कोपऱ्यात मारली आणि जपान ३-१ ने जिंकला. जपानमधल्या भूकंप-त्सुनामीला जेमतेम चार महिने झाले होते. सामना संपला तेव्हा सेकंदाला ७,१९६ ट्विट पडत होते. तो त्या वेळचा उच्चांक. पण त्याआधी, अगदी शेवटच्या क्षणी, जपानची बचावपटू अझुसा इवाशिमिझूने थेट गोलकडे निघालेल्या अमेरिकेच्या अॅलेक्स मॉर्गनला पाडून लाल कार्ड पत्करलं. ते झालं नसतं, तर शूटआउटची वेळच कदाचित आली नसती. बचावफळीचं मोल तिथे आहे.

प्रश्न : क्लिप पाहून बचावपटूचा खेळ कळतो का?

उत्तर : फारसा नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मोबाइलच्या उभ्या चौकटीत बाजू कापल्या जातात. घसरून केलेला टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावणं, देखणं दिसतं, पण बऱ्याचदा आधी जागा चुकलेली असते म्हणूनच ते करावं लागतं.

त्यापेक्षा २०२३ च्या विश्वचषकातला जपान-स्पेन सामना पूर्ण पाहा. चेंडू बहुतेक वेळ स्पेनकडे, निकाल मात्र ४-० जपानच्या बाजूने. तिघींच्या बचावफळीत कुमागाई मधोमध, उजवीकडे हाना ताकाहाशी, डावीकडे मोएका मिनामी. सलग दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त कुमागाईकडे बघा. पास येण्याआधी ती मान वळवून पाठीमागे कोण आहे ते पाहते का? प्रतिस्पर्ध्याने चेंडू मागे दिला की तिघी एकदम पुढे सरकतात का? प्रतिस्पर्ध्यांची चेंडूवाली मोकळी असेल, मान वर करून लांब पास देऊ शकत असेल, तर बचावफळीने आधीच मागे सरकायला हवं. तिच्यावर दबाव असेल तरच पुढे जाऊन ऑफसाइडचा सापळा लावायचा, म्हणजे पास दिला जाताना समोरची आक्रमक खेळाडू (फॉरवर्ड) बचावफळीच्या पलीकडे राहून नियमबाह्य ठरेल असं करायचं. गडबड होते ती इथेच : एकजण पाऊलभर मागे राहिली की समोरची फॉरवर्ड ऑनसाइड, म्हणजे नियमात, ठरते आणि बाकी दोघींची मेहनत वाया जाते. पायांची ठेवणही बघा. दोन्ही पाय चेंडूकडे सरळ रोखून उभी राहिलेली खेळाडू पाठीमागच्या धावेला उशिरा वळते. किंचित तिरकी उभी असेल तर चेंडू आणि धावणारी दोन्ही नजरेत राहतात.

प्रश्न : ती फक्त बचावातच खेळते का?

उत्तर : नाही. ल्यों या फ्रेंच क्लबने तिला बचावफळीच्या पुढे मिडफिल्डमध्येही बराच काळ खेळवलं. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या २०२० च्या अंतिम सामन्यात वोल्फ्सबुर्ग या जर्मन क्लबविरुद्ध तिने गोलही केला.