‘नॉट विदाउट माय डॉटर’ हा सिनेमा कितपत खरा आहे? लग्न करून परदेशी जाणाऱ्या बहिणीला तो दाखवावा का?

खरा आहे. निदान मूळ गोष्ट तरी खरी आहे, बाकी मसाला हॉलिवूडचा.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली बेटी महमुदी ऑगस्ट १९८४ मध्ये इराणी नवरा आणि मुलगी माहतोब यांच्याबरोबर ‘दोन आठवड्यांच्या सुट्टीला’ म्हणून तेहरानला गेली. तिथे गेल्यावर नवऱ्याने सांगितलं, आता आपण इथेच राहायचं. पासपोर्ट त्याच्याकडे. मारहाण, पाळत, घरात कोंडून ठेवणं, सगळं झालं. १९८६ च्या सुरुवातीला भर हिवाळ्यात ती मुलीला घेऊन डोंगर ओलांडून तुर्कस्तानात उतरली. पुस्तक १९८७ चं, सिनेमा १९९१ चा. पुस्तकाचा लीना सोहोनींनी केलेला मराठी अनुवाद आहे, बहुतेक वाचनालयांत मिळेल. नवऱ्याची बाजू मांडणारा एक माहितीपट २००२ साली फिनलंडच्या लोकांनी काढला. नवऱ्याच्या मते बायकोने सगळं रचलं. तो २००९ मध्ये वारला. पुढे मुलीने स्वतःचं पुस्तक लिहिलं, ते आईच्या बाजूचं आहे. सगळं डोळ्यांनी पाहिलेली मुलगीच असं म्हणते, तेव्हा माझ्यापुरता तो वाद मिटला.

सिनेमा म्हणून मात्र एकांगी आहे. अमेरिकेत इस्पितळातले सहकारी नवऱ्याला इराणी म्हणून टोमणे मारतात, हे सुरुवातीला घाईघाईत उरकलंय. तेहरानला उतरल्याबरोबर तो राक्षस होतो आणि त्याच्या घरचे सगळे काळ्या कपड्यातले खेकसणारे लोक होतात. चित्रीकरण इस्राएलमध्ये झालं, प्रदर्शन ऐन आखाती युद्धाच्या तोंडावर. इराणी लोक चिडले तर नवल नाही. बेटीला सुटकेसाठी मदत करणारा माणूसही इराणीच असतो, पण ते प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाही. (ती भूमिका रोशन सेठची आहे, ‘भारत एक खोज’मधले नेहरू.)

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ते देताना माझं डोकं तापणार आहे, आधीच सांगते.

हा सिनेमा मला पहिल्यांदा दाखवला माझ्या दादाने. तो अमेरिकेत नोकरी करतो, नव्वदच्या दशकात गेलेला. सुट्टीवर आला की सगळ्यांना सिनेमे दाखवायचा. स्वित्झर्लंडच्या दूतावासातला प्रसंग आला तेव्हा तो डोळे पुसत होता. (१९७९ नंतर इराणात अमेरिकेचा दूतावासच नाही, अमेरिकेचं काम स्विस लोक बघतात.) तिथली बाई बेटीला सांगते की इराणी माणसाशी लग्न केलंस म्हणजे इथल्या कायद्याने तू इराणी, मूल बापाचं, आम्ही काही करू शकत नाही. हा भाग अजिबात वाढवून सांगितलेला नाही. परदेशी बाईने इराणी पुरुषाशी लग्न केलं की ती तिथे इराणी नागरिक ठरते आणि देशाबाहेर पडायला तिला नवऱ्याची परवानगी लागते. दादा म्हणाला, “बघ, कायदाच बाईच्या विरोधात असेल तर पळण्याशिवाय काय करणार ती?”

हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. पुढे कामाला आलं.

माझी धाकटी मावसबहीण. नवरा आयटीतला, अमेरिकेत एच-१ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. ही एच-४ वर, म्हणजे एच-१ वाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर. पुण्यात तिची चांगली नोकरी होती, ती सोडून गेली. एच-४ वाल्या बायकांना २०१५ पर्यंत तिथे नोकरीच करता येत नव्हती. त्यानंतरही परवानगी मिळते ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्प्यावर गेली असेल तरच. याची गेली नव्हती. म्हणजे बँकेतलं खातं त्याचं, विमा त्याचा, भाडेकरार त्याच्या नावावर, हिचा व्हिसासुद्धा त्याच्या व्हिसाला लटकलेला. आणि नवरा, ही आणि मुलगा अशा तिघांचे पासपोर्ट कपाटातल्या फाइलीत, किल्ली त्याच्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. इराणात जे कायद्याने होतं ते इथे एका जुडग्याने भागलं.

तो काय करायचा त्याची यादी देत नाही. मावशी पाच वर्षं “तिला जुळवून घेता येत नाही” म्हणत होती आणि तिने फोटो पाहिले त्या रात्री जेवली नाही, एवढं पुरे.

बहिणीने एकदा ९११ ला, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर, फोन केला. पोलीस आले. तो दारात नीट इंग्रजीत बोलला, ही रडत मराठीमिश्रित बोलली. पोलिसांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तक्रार नोंदवायची का. तिने नाही म्हटलं. दादा आजही तिथेच अडकलाय: नाही का म्हटलं? अरे, त्याला अटक झाली, नोकरी गेली की एच-१ गेला. एच-१ गेला की हिचा एच-४ गेला. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असता तर छळ झालेल्या बायकोला त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. एच-१ वाल्याच्या बायकोला ती सोय नाही. यू व्हिसा म्हणून एक असतो, गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी, पण वर्षाला दहा हजारच देतात आणि रांग वर्षानुवर्षांची. त्या रात्री दारात उभं राहून तिला हे सगळं ठाऊक होतं. कायद्याच्या राज्याची स्तुती करणाऱ्या दादाला ठाऊक नव्हतं.

शेवटी तो आंघोळीला गेलेला असताना तिने जुडगं घेतलं, स्वतःचा आणि मुलाचा पासपोर्ट, मुलाचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात यायला मिळतं ते) काढलं आणि फाइल होती तशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर निघाली. अमेरिकेतून बाहेर पडताना आपल्यासारखी इमिग्रेशनची खिडकी नसते, विमान कंपनीवाले कागद बघतात तेवढंच. तिकिटाचे पैसे मावशीने इकडून भरले, तीच मावशी. मुंबईला मी घ्यायला गेले होते. पोराच्या अंगात जाड जॅकेट, पाठीवर शाळेचं दप्तर, दप्तरात तिथल्या वाचनालयाचं डायनासोरचं पुस्तक. गाडीत बसल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर पुस्तक उशिरा परत केलं तर दंड होतो का.

आणि मग दादाचा फोन. “तिने हे काय केलं? मूल पळवून आणलं तिने! तिथे कोर्ट आहेत, शेल्टर आहेत, रीतसर लढायचं होतं.”

म्हणजे बेटी महमुदी अमेरिकेकडे पळाली म्हणून वीरमाता, आणि आमची पोर अमेरिकेतून पळाली म्हणून मुलं पळवणारी? नवरा तसाच, कपाटातले पासपोर्ट तसेच, पोटचं पोरही तसंच. फरक फक्त विमान कुठल्या बाजूला गेलं याचा. मी त्याला त्याचंच वाक्य ऐकवलं. तो म्हणाला, “सिनेमा वेगळा.” त्यानंतर बरेच महिने आम्ही फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरते बोललो.

कायदा मात्र दादासारखाच बोलतो, हे तुमच्या बहिणीला सांगा. एका पालकाने मूल परस्पर देशाबाहेर नेलं तर ते परत पाठवायचं, असा १९८० चा हेग करार आहे. भारताने त्यावर अजून सही केलेली नाही. अमेरिकेत १९९३ पासून हा फेडरल गुन्हा आहे. छळातून पळत होते असा बचाव त्याच कायद्यात आहे, पण तो सिद्ध करायला कोर्टात उभं राहावं लागतं, तेही तिकडच्या. हिच्या नवऱ्याने तिथे एकतर्फी ताबा मिळवला आणि इथे हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, टाकला. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की परदेशी कोर्टाचा हुकूम विचारात घ्यायचा, पण मुलाचं हित त्याच्या वर. त्यावर आमचं निभावलं. आता मूल आईकडे आहे, बाप व्हिडिओ कॉल करतो, सुट्टीत येऊन भेटून जातो. ती मात्र अमेरिकेत पुन्हा पाय ठेवू शकत नाही.

तर दाखवा सिनेमा, पण नुसता दाखवून काही होणार नाही. सिनेमा बघून मुली म्हणतात, बाई गं, इराणात लग्न नको. अमेरिकेतल्या एडिसन आणि डॅलस शहरांमध्येही कपाटं असतात. बहिणीला सांगा, पासपोर्ट स्वतःकडे ठेव, स्कॅन करून आईला पाठव. स्वतःच्या नावाचं खातं उघड, त्यात परतीच्या तिकिटाइतके पैसे कायम ठेव. नवऱ्याच्या व्हिसाचा प्रकार लग्नाआधी विचार. पत्रिका बघता तर हेही बघा. न्यू जर्सीत ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ या संस्था ऐंशीच्या दशकापासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करतात, नंबर आधीच फोनमध्ये असू दे. होणाऱ्या जावयालाही शेजारी बसवून सिनेमा दाखवा आणि दूतावासाचा प्रसंग संपल्यावर तो काय बोलतो ते ऐका.

आता चार गोष्टी सांभाळून घ्यायच्या. प्रत्येक एच-१ वाला असा नसतो, माझे तीन आतेभाऊ तिथे सुखाने संसार करतायत. सूड म्हणून मुलं उचलून आणणाऱ्या बायकाही आहेत आणि वर्षानुवर्षं पोराचं तोंड न बघितलेले बापही आहेत, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. इराणबद्दलचं मत या सिनेमावरून बनवू नका. आणि मी वकील नाही. कुणावर खरंच ही वेळ आली असेल तर माझं उत्तर वाचून तिकीट काढू नका, आधी दोन्हीकडचे वकील गाठा, इथला आणि तिथलाही. दादाने सुचवलेला नको.