‘प्लंबर’ नावाने सेव्ह केलेला नंबर

प्रिय ताई,

मी ३८ वर्षांची आहे. नऊ वर्षांपासून एका स्त्रीबरोबर राहते. घरच्यांच्या लेखी ती माझी रूममेट. सहा वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी गेले होते. पडद्यामागे तयार होऊन बसले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गर्भनिरोधक काय वापरता? काही नाही म्हटलं. मग मूल हवंय का? नाही म्हटलं. शेवटी खरं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मग तुम्हाला या तपासणीची गरजच नाही.’ मी परत कपडे घालत होते, तेवढ्यात पडद्याच्या पलीकडे कुणीतरी हसलं. ते माझ्यावरच हसले का, हे मला आजही माहीत नाही. त्यानंतर मी कुठल्याच डॉक्टरची पायरी चढले नाही. ताप आला तरी अंगावर काढते. आता चार महिने दोन पाळ्यांच्या मधे स्पॉटिंग होतंय. ती रोज मागे लागते, मी रोज ‘येत्या सोमवारी’ म्हणते. आमच्यासारख्यांसाठी असलेल्या एका हेल्पलाइनचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, ‘प्लंबर’ या नावाने. दोन वर्षांत एकदाही लावलेला नाही. भीती आजाराची वाटते की सांगण्याची, तेच कळेनासं झालंय. मी घाबरट आहे का?

– पडद्यामागची

अगं पडद्यामागची,

सगळ्यात आधी त्या डॉक्टरांचं वाक्य खोडून काढते, कारण सहा वर्षं तू त्याच्या आडोशाला बसली आहेस. ते चूक होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही हा विषाणू असतो. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने हा संबंध शोधला आणि २००८ साली त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. हा विषाणू पुरुषाचीच वाट बघत बसत नाही. त्वचेचा त्वचेशी संपर्क, बोटं, दोघींनी वापरलेलं लैंगिक खेळणं, एवढं त्याला पुरतं. ज्या बाईला गर्भाशयमुख आहे आणि जिचा कधी ना कधी, कुणाशीही शरीरसंबंध आला आहे, तिला तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटना वयाच्या तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करायला सांगते. त्यात ‘समलिंगी स्त्रिया वगळून’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता तुझं स्पॉटिंग. चार महिने हा काही प्रलयाचा काळ नाही, पण सोमवारवर ढकलण्याचाही नाही. मधल्या दिवसांतल्या रक्तस्रावाची बहुतेक कारणं साधी निघतात: एखादा पॉलिप किंवा फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, जंतुसंसर्ग, थायरॉइड, संप्रेरकांचा गोंधळ. क्वचित त्यामागे दुसरं काही असतं, आणि ते लवकर सापडलं तर उपचार सोपे होतात. एक बारकावा मात्र लक्षात ठेव. हल्ली एचपीव्हीचा नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो. ज्यांना तपासणीच्या टेबलावर झोपायचीच धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. पण ती तक्रार नसलेल्यांसाठी. तुला तक्रार आहे. घरी नमुना घेतला, निगेटिव्ह आला आणि सुटले, असा रस्ता तुझ्यापुरता बंद आहे. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, स्वच्छ आला, तरी ‘मग रक्त कशामुळे जातंय?’ हा प्रश्न डॉक्टरांपुढून हलू देऊ नकोस.

घाबरट आहेस का, तर नाही. ज्या दारात एकदा पेन खाली ठेवलं गेलं, त्या दारापाशी पाय अडखळणारच. इलान मायर नावाच्या संशोधकाने २००३ साली या अडखळण्याची नीट मांडणी केली. अल्पसंख्य माणसाला प्रत्यक्ष अपमानाचा ताण असतोच, शिवाय ‘आता अपमान होईल’ या सततच्या अंदाजाचाही असतो, आणि हा दुसरा ताण घरी बसूनही सोसावा लागतो. तुझंच बघ ना. अपमान झाला पाच मिनिटांचा, त्याची वाट बघण्यात गेली सहा वर्षं. त्या हसण्याबद्दल मी काहीच म्हणणार नाही. ते तुझ्यावर असेल, नर्सच्या मोबाइलवरच्या विनोदावरही असेल. पुन्हा तिथे जाऊन ते तपासायची गरज नाही.

मला दिसतं ते असं, की तू दोन वेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारली आहेस: डॉक्टरकडे जाणं आणि स्वतःबद्दल जाहीर करणं. ही गाठ आधी सोडव. डॉक्टरला तुझी कहाणी नको असते, त्याला तपासणीपुरती माहिती लागते. गरोदरपणाची शक्यता आहे का, आतून तपासणी याआधी झाली आहे का, दुखतं का, जोडीदाराला काही संसर्ग आहे का. यातल्या ‘जोडीदार’ या शब्दापुढे कुठलं लिंग लिहायचं आणि कधी, ते तू ठरवायचं. पहिल्या भेटीत ‘गर्भधारणेची शक्यता अजिबात नाही’ एवढं म्हणून थांबलीस, तरी तू खोटं बोललेली नसतेस.

हे मी आधी असं लिहीत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका पत्राला मी मोठ्या उत्साहात उत्तर दिलं होतं, ‘बिनधास्त सांगून टाक!’ त्या मुलीने सांगितलं. डॉक्टर तिच्या आईच्या ओळखीचे निघाले आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. तिचं दुसरं पत्र चार ओळींचं होतं. त्यात माझ्यावर राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून मी बिनधास्त हा शब्द दुसऱ्याच्या आयुष्याला लावत नाही. त्यामुळे तुला पहिली सूचना ही, की घरच्यांच्या ओळखीतला डॉक्टर नको. कितीही चांगला असला, तरी नको.

डॉक्टर निवडताना आधी फोन कर. नाव सांगू नकोस. विचार, ‘माझी जोडीदार स्त्री आहे. डॉक्टरांकडे अशा पेशंट येतात का? तपासणीच्या वेळी ती माझ्याबरोबर थांबली तर चालेल का?’ आणि मग उत्तरापेक्षा उत्तराची चाल ऐक. ‘हो, चालेल, कधीची वेळ देऊ?’ असं आलं, की नोंद कर. पलीकडे लांब शांतता पसरली, किंवा ‘म्हणजे?’ आलं, तर ठेवून दे आणि पुढचा नंबर लाव. तीन-चार फोन लागतील. आरशासमोर सराव केलास तरी हरकत नाही, पहिल्या वाक्याला घशात काटा येतो आणि दुसऱ्यांदा म्हणताना तो थोडा बोथट होतो.

आत गेल्यावर तोंडाला कुलूप लागणार हे मी गृहीत धरते, म्हणून चिठ्ठी लिहून ने. मीच लिहून देते, तुझ्या अक्षरात उतरवून घे:

‘पाळी नियमित. चार महिन्यांपासून मधल्या दिवसांत स्पॉटिंग. गर्भधारणेची शक्यता नाही. गर्भाशयमुखाची तपासणी आजवर झालेली नाही. आतून तपासताना मला भीती वाटते. काय करणार ते आधी सांगा, थांबा म्हटलं की थांबा.’

खाली एक ओळ मोकळी सोड. ‘जोडीदार स्त्री आहे’ हे तिथे लिहायचं का, ते बाहेरच्या बाकावर बसून, माणसं बघून ठरव. फोनवर विचारलेला प्रश्न कुणा निनावी बाईचा होता, तो तुझ्यावर बंधनकारक नाही. लिहावं असं माझं मत आहे, कारण मग गर्भनिरोधक आणि मूल यांच्या प्रश्नांची ती जुनी माळ सुरूच होत नाही आणि सल्ला नेमका मिळतो. पण मत म्हणजे आज्ञा नव्हे. आणि लिहिलंस, तर ‘हे केसपेपरवर जाणार का, कोण वाचणार?’ हे थेट विचार. असा प्रश्न विचारणारी बाई उद्धट नसते.

टेबलावर काय मागता येतं, हेही माहीत असू दे. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरायचं ते साधन, लहान आकारातही मिळतं. ते स्वतःच्या हाताने आत सरकवू देता का, असं विचारता येतं. कितीतरी जणींना त्याने अर्धी भीती ओसरते. आतून करायची सोनोग्राफी नको असेल, तर पोटावरून करून काय दिसतं ते बघू या, असं म्हणता येतं. सोबत कुणी हवं म्हणता येतं, नर्सला बाहेर थांबा म्हणता येतं, आणि अर्ध्यातून उठून घरी येता येतं. पुन्हा दुसऱ्या दिवशी जाता येतं, हे महत्त्वाचं.

आणि समोरच्याने पुन्हा पेन खाली ठेवलं तर? ठेवू दे. १९९० साली, १७ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. वैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत आज स्पष्ट म्हटलं आहे, की रुग्णाच्या लैंगिक कलाला डॉक्टरने आपल्या कर्तव्याच्या आड येऊ द्यायचं नाही, आणि त्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित त्याच्या मृत्यूनंतरही जपायचं. प्रतिज्ञा घेतली म्हणजे पाळलीच असं नाही, तुझा अनुभव तेच सांगतो. पण त्या दिवशी परीक्षेत नापास कोण झालं, एवढं तरी त्यातून ठरतं. कुणी ‘यातून बाहेर काढतो’ म्हणत उपचार सुचवले, मग तो डॉक्टर असो की समुपदेशक, तिथून उठायचं. मानसोपचारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्येच अशा ‘उपचारां’ना शास्त्रीय आधार नसल्याचं सांगून त्यांचा निषेध केला आहे.

तुझ्या पत्रात नसलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण अशी पत्रंही माझ्याकडे पडून आहेत. एका मुलाने लिहिलं होतं, की असुरक्षित संबंधांनंतर तो आठ दिवस कुणाला विचारावं या विचारात होता. एचआयव्ही टाळायची पीईपी ही औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. आठव्या दिवशी त्यांचा उपयोग नाही, तेव्हा तपासणीच करून घ्यायची. आणि ज्या ट्रान्स पुरुषांना गर्भाशयमुख आहे, त्यांनाही वरची सगळी तपासणी लागू आहे, कागदावर लिंग काहीही असो.

आता तो प्लंबर. ‘ओळखीचं कुणी निघालं तर’ ही भीती तू लिहिली नाहीस, पण नंबर लपवायची पद्धत तेच सांगते. हेल्पलाइनवर नाव सांगावं लागत नाही. फोन लागला आणि बोलणं जमलं नाही, तर ठेवता येतो. पलीकडच्यांना अशा मुक्या फोनांची सवय असते. बोललीस, तर त्यांना एकच काम सांग: ‘मला नीट वागणारी स्त्रीरोगतज्ज्ञ हवी आहे.’ मन मोकळं वगैरे नंतर बघू. अशा ठिकाणी बहुधा कोण कसं वागतं याची तोंडी यादी असते, आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती भरवशाची असते. तुझे तीन-चार फोन त्याने वाचतील.

राहता राहिली ती, रोज मागे लागणारी. तिच्याबद्दल तू पत्रात दोन ओळी लिहिल्यास आणि नाव एकदाही घेतलं नाहीस. चार महिने ते रक्त तीही बघते आहे, आणि तिच्याकडे तर कुणाला पत्र लिहिण्याइतकंही निमित्त नाही. केसपेपरवर तातडीच्या संपर्कासाठी एक नाव विचारतात, त्यासाठी नातं लागतंच असं नाही. तिथे तिचं नाव आणि नंबर घाल. दवाखान्यात जोडीदाराला काय अधिकार मिळतात, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेही हेल्पलाइनवाल्यांना विचारून घे. तिला आत न्यायचं की बाहेरच्या बाकावर बसवायचं, ते तुम्ही दोघी ठरवा. घरी मात्र ठेवून जाऊ नकोस.

जायच्या दिवशी स्पॉटिंग सुरू असलं, तर तेवढ्यासाठी वेळ रद्द करू नकोस. त्यांना बघायचं आहे ते तेच.

– ताई