वँकेल तापतंय? काढलेला थर्मोस्टॅट आधी परत बसवा

लातूरच्या मित्रांनो, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन आसनी विमानासाठी आणलेलं माझदाचं १३बी इंजिन (वँकेल जातीचं, म्हणजे पिस्टनऐवजी आत रोटर फिरणारं, यालाच रोटरीही म्हणतात), औसा रोडवरच्या शेडसमोर ट्रॉलीवर बांधलेला टेस्ट स्टँड, प्रोपेलर लावून ४,५०० आरपीएमला चार मिनिटांत पाणी ११२ अंश आणि तेल ११८. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून थर्मोस्टॅट काढला, ट्रॅक्टरचा मोठा रेडिएटर लावला, तर आता आधीपेक्षाही लवकर तापतंय. तुम्ही ही गोष्ट शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी तिथूनच सुरू करतो.

उन्हाळा लागला की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. ट्रॅक्टरला कधी कधी चालूनही जातं. १३बीला नाही चालत. त्याच्या वॉटर पंपाच्या हाउसिंगमध्ये बायपासचं एक भोक आहे. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता त्या भोकातून परत इंजिनातच फिरतं. गरम झालं की थर्मोस्टॅट वरून रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच्या खालची चकती हे भोक बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर भोक कायमचं उघडं. पाण्याला सोपी वाट मिळते, बराचसा भाग रेडिएटर न बघताच माघारी येतो. मग रेडिएटर कितीही मोठा लावा. तेव्हा त्याच मॉडेलचा, खालची चकती असलेला थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी उकळत ठेवून थर्मामीटरनं तपासा. साधारण ८२ अंशांना उघडायला लागला पाहिजे. थर्मोस्टॅटशिवायच चालवायचं असेल तर ते भोक बूच मारून पक्कं बंद करा. अधलंमधलं काही करू नका.

तुमच्यापैकी एकानं विचारलंय की पहिल्या महायुद्धातली रोटरी इंजिनं नुसत्या हवेवर थंड व्हायची, मग याला एवढं पाणी-तेल कशाला? नाव सारखं, यंत्र वेगळं. फ्रेंच ‘नोम’सारख्या त्या इंजिनांत क्रँकशाफ्ट विमानाला जखडलेला असायचा आणि सिलिंडर प्रोपेलरसकट गरगर फिरायचे, म्हणून वारा त्यांना आपोआप लागायचा. वँकेलमध्ये बाहेरचं हाउसिंग जागेवर असतं आणि आत तिकोनी रोटर फिरतो. पिस्टन इंजिनात एकाच सिलिंडरला आधी थंड मिश्रण लागतं, मग आग. वँकेलमध्ये स्पार्क प्लगच्या बाजूला कायम आग, इनटेकच्या बाजूला कायम गारवा. त्यामुळे प्लगभोवतीचं पाणी गेजवर ९५ दिसत असतानाही तिथल्या तिथं उकळू शकतं. वाफेचा थर धरला की धातूला पाणी शिवत नाही.

म्हणून रेडिएटरच्या ढक्कनाला मी एवढं महत्त्व देतो. साधं पाणी आपल्या मराठवाड्याच्या उंचीवर ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ बारचा ढक्कन दाब धरत असेल तर कूलंटला १२० च्या वरपर्यंत उकळी येत नाही. जुन्या ढक्कनाचं रबर कडक झालं असेल तर तो दाब धरतच नाही. हातपंपाच्या टेस्टरवर ढक्कन आणि पूर्ण सिस्टिम दोन्ही तपासा. दहा मिनिटांत काटा उतरला तर गळती शोधा, आणि बाहेर ओल दिसली नाही तर धास्ती घ्या. १३बीचं रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं, बाजूच्या प्लेटा बिडाच्या. तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या फुगतात आणि मधल्या पाण्याच्या रबरी रिंगा दाबल्या जातात, जळतात. तुमचं ११२ पर्यंत गेलेलं आहे, म्हणून हे आत्ताच बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, कूलंट हळूहळू कमी होणं, रेडिएटरच्या टाकीत एकसारखे बुडबुडे, यातलं काहीही दिसलं तर पुढची टेस्ट थांबवा. इंजिन उघडावं लागेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्या स्टँडवर असंच एक १३बी होतं. पाण्याचा गेज ८५ दाखवत होता आणि आम्ही निश्चिंत. सेन्सर नेमका एअर लॉकमध्ये, म्हणजे आत अडकलेल्या हवेच्या फुग्यात, पाण्याला न टेकता हवेत लटकलेला होता. आत उकळी फुटलेली, आणि गेज शांत. रिंगा गेल्या. तेव्हापासून इंजिनच्या सगळ्यात उंच जागेवर हवा काढायचा बारीक पाइप आणि त्याच्याही वर हेडर टँक (कूलंटची सगळ्यात वरची टाकी) असल्याशिवाय मी स्टार्टरला हात लावत नाही. विमानात इंजिन मोटारीपेक्षा वेगळ्या कलानं बसतं, त्यामुळे मोटारीतली उंच जागा इथं उंच राहीलच असं नाही. स्पिरिट लेव्हल लावून शोधा.

आता तेल. तुमचं तेल पाण्यापेक्षा जास्त तापलंय, आणि ऑइल कूलरबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. वँकेलचा रोटर आतून तेलानंच थंड होतो. पाणी आणि तेल मिळून जी उष्णता बाहेर काढतात, त्यातली साधारण एक तृतीयांश तेलाच्या वाट्याला येते. म्हणजे ऑइल कूलर हा रेडिएटरच्या बरोबरीचा भाग आहे. तो रेडिएटरच्या मागं बांधला असेल तर त्याला आधीच तापलेली हवा मिळते. त्याला स्वतंत्र हवा द्या. मी स्वतः पाणी ९० आणि तेल ९५ पर्यंत ठीक मानतो. दोन्हीपैकी काहीही १०५ ला पोचलं की थ्रॉटल मागं.

हे सगळं नीट असूनही तापलं तर दोष हवेत आहे की पाण्यात, ते मोजून ठरवा. रेडिएटरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याचं तापमान घ्या. फरक २० अंशांच्या आसपास असेल तर पाणी हळू फिरतंय: पंप, दबलेला होज, बायपास बघा. फरक चार-पाच अंशच असेल आणि तरी इंजिन तापत असेल तर पाणी भरपूर फिरतंय, उष्णता सुटत नाही. मग रेडिएटरच्या मागून निघणारी हवा मोजा. ती जवळजवळ पाण्याइतकीच गरम असेल तर हवा कमी पडतेय. ती बऱ्यापैकी गार असेल तर हवा बाजूच्या फटींतून निसटतेय, किंवा आत क्षार धरलाय. तुम्ही बोअरचं पाणी भरलं असणार, लातुरात दुसरं काय मिळतं म्हणा. ते काढून टाका. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि ४० टक्के कूलंट भरा. जाळीतला कापूस, पाचट, धूळ मागच्या बाजूनं हवा मारून काढा.

स्टँडवर एक फसवणूक हमखास होते. प्रोपेलरच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, पात्यांचा वारा जवळजवळ नसतोच, आणि बहुतेक जण रेडिएटर नेमका तिथंच बांधतात. त्याला बाहेरच्या बाजूला सरकवा, पुढं हळूहळू रुंद होत जाणारा पत्र्याचा डक्ट करा आणि कडा फोमनं बंद करा. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरा. एक टोक रेडिएटरच्या पुढं, एक मागं. दोन्हीकडची पातळी सारखीच राहिली तर रेडिएटरमधून हवा जातच नाही. १०० नॉट (ताशी साधारण १८५ किलोमीटर) वेगाला मे महिन्यातल्या आपल्या हवेत साधारण १४ सेंटीमीटर पाण्याइतका दाब मिळू शकतो, स्टँडवर त्याच्या मानानं फार कमी. म्हणून स्टँडवर पाच मिनिटं पूर्ण ताकद टिकली नाही, एवढ्यावरून डिझाइन बाद ठरवू नका.

आणि टेस्ट दुपारी करू नका. ९० अंशांचं पाणी आणि २० अंशांची हवा यांच्यात ७० चा फरक असतो. हवा ४२ असेल तर फक्त ४८. तोच रेडिएटर जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता सोडतो. त्यात तापलेली हवा विरळ, म्हणजे आणखी घट. सकाळी सहाला चालवा, रीडिंग घ्या, पण शेवटचा निर्णय दुपारच्या हिशेबानंच करा, कारण विमान दुपारी उडेल तेव्हा हवा ४२ चीच असणार आहे.

रीडिंग घेताना कुणीही पात्यांच्या रेषेत उभं राहू नका. सेन्सरच्या वायरी लांब ओढून गेज मागं ठेवा. थर्मोस्टॅट बसवून, हवा काढून एकदा चालवा आणि पाणी आत-बाहेर, तेल आत-बाहेर, रेडिएटरच्या मागची हवा, असे पाच आकडे दर मिनिटाला लिहून इथं टाका. ऑइल कूलर कुठं बांधलाय त्याचा फोटोही टाका, त्याच्यावर मला सगळ्यात जास्त संशय आहे.