हर्डल की ऑब्स्टॅकल?

प्रश्न : मॅडम, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करते. क्लासच्या सराव पेपरात 'द इंटरव्ह्यू इज द लास्ट ——' अशी गाळलेली जागा होती. मी 'ऑब्स्टॅकल' लिहिलं, उत्तरसूचीत 'हर्डल' निघालं. दोन्हींचा अर्थ अडथळाच ना? मग मार्क का कापला?
— एक विद्यार्थिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : अगं, तुझी तक्रार रास्त आहे. पण आधी पार्क मैदानावरची शर्यत डोळ्यांसमोर आण. पुरुषांच्या 110 मीटर हर्डल्समध्ये दहा हर्डल्स असतात, प्रत्येक 106.7 सेंटीमीटर उंच. किती आहेत, कुठं आहेत, हे पळणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. उडी मारायची नि पुढं पळायचं. चुकून पाय लागून एखादं पडलं, तरी तेवढ्यावरून कुणी बाद होत नाही. बँकेचा इंटरव्ह्यू तसाच आहे : प्रीलिम्स, मेन्स, मग तो. ठरलेला टप्पा, म्हणून हर्डल.

ऑब्स्टॅकल लॅटिनमधून आला. मूळ अर्थ वाटेत आडवं उभं राहणं. त्यावरून उडी मारता येईलच असं नाही. ते हटवावं लागतं, वळसा घालावा लागतो, नाहीतर तिथंच अडकून पडायचं. होटगी रोडच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी आठव. ती ऑब्स्टॅकल. विमानवाहतुकीच्या नियमांतही विमानाच्या वाटेतल्या उंच बांधकामाला हाच शब्द आहे. जून 2023 मध्ये चिमणी पाडली, पण विमान काही लगेच उडालं नाही. परवाने, तपासण्या एकेक करून पार पडल्या, त्या हर्डल्स. गोव्याचं विमान सुरू व्हायला जून 2025 उजाडला. (चिमणी पाडावी की नाही यावर गावात केवढा वाद झाला! तो विषय इथं नको.)

वर्तमानपत्रं दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि ते चूक म्हणता येत नाही. तुझं उत्तरही व्याकरणात बसतं. मी पेपर तपासला असता तर मार्क कापला नसता. पण परीक्षेत शेजारचे शब्द बघत जा. 'फर्स्ट', 'लास्ट', 'क्लिअर' दिसलं की बहुतेक हर्डल. 'रिमूव्ह' दिसलं की ऑब्स्टॅकल. आणि गाळलेल्या जागेआधी 'अ' आहे की 'ॲन', ते सगळ्यात आधी बघ. कधी कधी तिथंच उत्तर मिळतं.