ऑफिसमधला मेल सर्व्हर कनेक्ट व्हायला २० सेकंद घेतो, पिंग मात्र मस्त येतंय. रॅम वाढवू की स्विच बदलू?

दोन्ही नको. दहा-बारा पीसी, सर्व्हर त्याच नेटवर्कवर, पिंग (सर्व्हरला नुसती हाक मारून उत्तर बघणं) १ मिलिसेकंदाच्या आत, सेंड दाबलं की २० सेकंद नुसतं बसायचं आणि मग मेल सटकन जातो, असं तुम्हीच लिहिलंय. सर्व्हर खरंच दमला असता तर कधी ४ सेकंद लागले असते, कधी ४०. दर वेळी ठरलेले २० लागतायत म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसलंय आणि टाइमआउट झाला की नाद सोडतंय. डीएनएस बघा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी सेवा. त्यातही रिव्हर्स लुकअप, म्हणजे उलटं, आयपीवरून नाव शोधणं.

हे वाचून हात शिवशिवले कारण यावरून माझं एका माणसाशी चांगलंच वाजलेलं आहे.

आमच्याकडे इंटरनेटची लाइन बदलली, राउटर नवा आला, बाकी सगळं तेच. लगेच मेलची बोंब सुरू. ब्राउझिंग उलट आधीपेक्षा फास्ट झालेलं, त्यामुळे लाइनवर कुणी संशयच घेईना. साहेबांनी बाहेरून एक नेटवर्कवाले बोलावले. त्यांनी रॅक उघडला, स्विचकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, हा १०० एमबीपीएसवाला आहे, गिगाबिट टाका. मी म्हटलं, अहो चार ओळींच्या मेलला गिगाबिट कशाला, आधी डीएनएस बघू. तर सगळ्यांसमोर हसले. "आउटलुकमध्ये थेट आयपी टाकलाय, नाव नाहीच, मग डीएनएसचा संबंध काय?"

हे वाक्य ऐकायला इतकं पटतं की साहेबांनीही मान डोलावली. पण क्लायंट नाव शोधत नसला तरी सर्व्हर शोधतो ना! पोस्टफिक्स घ्या, सेंडमेल घ्या (दोन्ही मेल सर्व्हरची सॉफ्टवेअर), कनेक्शन आलं की हा आयपी कुणाचा म्हणून आधी डीएनएसला विचारणार, आणि उत्तर येईपर्यंत किंवा टाइमआउट होईपर्यंत २२० ची ओळ, म्हणजे 'या, मी तयार आहे' हे पहिलं उत्तर, पाठवणारच नाही. पिंगला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून पिंग मस्त.

मी तिथल्या तिथे एका पीसीवरून पोर्ट २५ ला, म्हणजे मेलच्या दाराला, टेलनेटने थेट जोडून दाखवलं. 'कनेक्टेड' क्षणात आलं. पुढे काळी स्क्रीन, कर्सर लुकलुकतोय, काही नाही, काही नाही, आणि मग २२०. तिथून पुढे हेलो, मेल फ्रॉम, सगळं पटापट. सर्व्हरवर दुसऱ्या खिडकीत पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या दारावर, येणंजाणं दाखवणारा टीसीपीडम्प लावलेला, त्यात त्याच पीसीचा आयपी उलटा लिहिलेला, ३५.१.१६८.१९२ आणि मागे इन-अॅडर-आर्पा, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा जातोय आणि उत्तर एकालाही नाही.

सर्व्हरने कुठल्या डीएनएसला विचारायचं ते लिहिलेली रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइल उघडली तर आत दोन आयपी, दोन्ही जुन्या इंटरनेटवाल्याच्या डीएनएसचे. परक्या लाइनवरून विचारलं की ते हो पण म्हणत नव्हते आणि नाही पण म्हणत नव्हते. लिनक्स डीफॉल्टने एकेका डीएनएस सर्व्हरची ५ सेकंद वाट बघतो, दोन सर्व्हर, दोन फेऱ्या, करा हिशोब. पीसींना डीएनएस नव्या राउटरच्या डीएचसीपीतून (आपोआप सेटिंग वाटणारी सोय) मिळायचा म्हणून ते सुसाट, आणि सर्व्हरला सगळं हाताने भरलेलं म्हणून तो जुनंच धरून बसलेला. बाहेर जाणारे मेल रिलेकडे, म्हणजे ते पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे, जायचे आणि रिलेचाही आयपीच टाकलेला, त्यामुळे तिकडेही काही अडलं नाही आणि कुणाला पत्ता लागला नाही.

मी राउटरचा आयपी टाकला, फाइल सेव्ह केली, आणि ते गृहस्थ म्हणाले थांबा, आता मी टेलनेट मारतो. परत २० सेकंद. इतके खुश झाले म्हणून सांगू! पण डेबियनवर पोस्टफिक्सचा मेल घेणारा भाग, एसएमटीपीडी, सहसा क्रूटमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कोंडलेल्या फोल्डरमध्ये) चालतो, त्याच्याकडे व्हार-स्पूल-पोस्टफिक्सच्या खाली रिझॉल्व्ह-कॉन्फची वेगळी कॉपी असते, आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर नवी होते. रीस्टार्ट केलं. २२० लगेच. गृहस्थ फोन आल्यासारखे बाहेर गेले. स्विच तरीही घेतला गेला, आणि बिलावर 'मेल स्पीड सुधारणा' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

तर तुमच्या सर्व्हरवर डिग-एक्स (रिव्हर्स लुकअप करून बघायची कमांड) देऊन पुढे एखाद्या पीसीचा आयपी टाका. 'असं नाव नाही' हे उत्तर लगेच आलं तरी चालेल, उत्तर न येणं चालत नाही. राउटर घरच्या आयपींना उत्तर देत नसेल तर दहा-बारा पीसी काय, आयपी फिक्स करून सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये (आयपी आणि नावांची घरची यादी) नावं टाका आणि मोकळे व्हा. पोस्टफिक्समध्ये हा लुकअपच बंद करायची सेटिंग आहे, पीअरनेम लुकअप नो. पण तोच सर्व्हर बाहेरून मेल घेत असेल तर तिला हात लावू नका, स्पॅम अडवायचे काही नियम त्या नावावरच चालतात.

हां, आणि हे सगळं २२० च्या आधी अडकत असेल तरच. २२० लगेच येऊन पुढे लटकत असेल तर ब्लॅकलिस्ट चेक किंवा पीसीवरचा अँटिव्हायरस बघा. २० ऐवजी ५ सेकंद असते आणि सर्व्हर सेंडमेल असता तर मी आयडेंट म्हटलं असतं, म्हणजे सर्व्हर उलट पीसीलाच 'कोण वापरतोय' असं विचारतो ते, पोर्ट ११३. तिथे पीसीच्या फायरवॉलने ड्रॉप (गुपचूप गिळणं) न करता रिजेक्ट (लगेच नाही म्हणणं) केलं की काम होतं. पोस्टस्क्रीन (पोस्टफिक्सचा दारावरचा पहारेकरी) लावला असेल तर तो नव्या पाहुण्याला मुद्दाम ६ सेकंद ताटकळत ठेवतो, स्पॅमवाल्यांना तेवढा धीर नसतो म्हणून. तो बिघाड नाही, तुमच्या लोकांना पोर्ट ५८७ वर, म्हणजे मेल पाठवणाऱ्यांच्या वेगळ्या दारावर, हलवा.

मेल येतानाही स्लो आहे असं शेवटी एका ओळीत टाकलंय. ते आयमॅप (मेलबॉक्समधले मेल वाचायची पद्धत), त्याचा या २२० शी संबंध नाही. मेलबॉक्स किती मोठे आहेत आणि डिस्क कुठली आहे ते सांगितल्याशिवाय त्यावर कुणीही काही सांगितलं तरी तो अंदाजच, माझ्यासकट.